शेवटची चाळीस मिनिटं



तुम्ही पुण्यात असा, बेळगावात असा की इंदूर-बडोद्याला, तुमच्यापैकी काही घरांत भिंतीवर एक प्रमाणपत्र नक्की लटकत असेल. मुलीने कथकची किंवा भरतनाट्यमची परीक्षा दिलेली असते आणि त्यावर छापलेलं असतं, ‘प्राचीन कला केंद्र, चंडीगड’. १९५६ साली सुरू झालेली ही संस्था देशभर संगीत-नृत्याच्या परीक्षा घेते. परीक्षा आपल्याच गावात होते, त्यामुळे त्या चंडीगडला कधी कुणी जात नाही. मी मात्र नोकरीच्या बदलीने इथे आलो आणि सव्वीस वर्षं झाली, इथलाच झालो. माझी मुलगीही इथेच कथक शिकली.

उलट्या दिशेची गोष्ट याहून जुनी आहे. कुरुंदवाडला जन्मलेले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर फिरत फिरत पंजाबात पोचले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुणा राजाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर गाण्याची शाळा चालवायची, हे त्या काळात धाडसाचं काम होतं. मराठी माणसाच्या या शाळेची सुरुवात मराठी मुलखात झाली नाही, पंजाबात झाली. मुंबईची शाखा १९०८ साली निघाली, म्हणजे सात वर्षांनी.

१९४७ साली लाहोर पलीकडे गेलं. पंजाबला राजधानी उरली नाही म्हणून चंडीगड बांधलं गेलं. इथल्या सेक्टर १० मधल्या सरकारी संग्रहालयात गांधार शैलीची शिल्पं आहेत. ती लाहोरच्या संग्रहालयातून वाटणीत आलेली आहेत. १९४८ साली तिथल्या वस्तूंची वाटणी झाली, साठ टक्के पाकिस्तानकडे, चाळीस टक्के भारताकडे. भांडीकुंडी वाटावीत तशा मूर्ती वाटल्या. मुलीला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा तिने विचारलं होतं, ‘बाबा, हे कुणी ठरवलं, कुठला बुद्ध कुणाचा?’ मला उत्तर देता आलं नव्हतं.

हे सगळं सांगतोय, कारण आजचा विषय सांस्कृतिक केंद्र हा आहे. केंद्र म्हणजे इमारत, असं आपण धरून चालतो. इमारतींची चंडीगडला वाण नाही. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, १९६१ साली, सेक्टर १८ मध्ये टागोर थिएटर उभं राहिलं. त्याचे वास्तुविशारद आदित्य प्रकाश. सेक्टर १६ मध्ये पंजाब कला भवन आहे, तिथलं सभागृह महिंदरसिंग रंधावांच्या नावाचं. हा प्रशासकीय अधिकारी शेतीपासून चित्रकलेपर्यंत सगळ्यात रमणारा होता आणि या शहराच्या झाडांपासून संग्रहालयापर्यंत त्याचा हात लागलेला आहे. नाटकवाले म्हणाल, तर नीलम मानसिंग चौधरींनी गावोगावच्या नक्कालांना, म्हणजे आपल्याकडच्या बहुरूपी-सोंगाड्यांसारख्या पारंपरिक कलावंतांना, सोबत घेऊन इथेच रंगभूमी उभी केली. गिरीश कर्नाडांचं ‘नागमंडल’ सुरजित पातरांच्या पंजाबीतून त्यांनीच रंगमंचावर आणलं.

म्हणजे जागा आहे, माणसं आहेत, कला आहे. मग अडतं कुठे? माझ्याच हातून अडलं, ते सांगतो.

एप्रिल २०१५ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष सदानंद मोरे होते. संत नामदेव जिथे राहिले असं मानतात ते हे गाव. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या तीन दिवसांत महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना गावकऱ्यांनी ज्या मायेने लंगरमध्ये वाढलं, ते पाहून आम्ही इथली मराठी मंडळी भारावून गेलो. चंडीगडला परत आल्यावर ठरवलं, की आपणही नामदेवांवर एक संध्याकाळ करायची. मराठी अभंग, पंजाबी शबद आणि नंतर श्रोत्यांशी चर्चा.

पुढच्या वर्षी केली. दोन तासांचा कार्यक्रम होता, सूत्रसंचालन माझ्याकडे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग त्या पाहुण्यांचं मनोगत. ज्यांनी देणगी दिली त्यांचा सत्कार, ज्यांनी दिली नाही पण पुढच्या वेळी देतील त्यांचाही सत्कार. यात सव्वा तास गेला. अभंग आणि शबद घाईघाईने उरकले. सभागृहवाल्यांनी दिवे मंद करायला सुरुवात केली, तेव्हा मी माइकवर म्हणालो, ‘वेळेअभावी चर्चेचं सत्र रद्द करत आहोत.’ हे वाक्य मी आयुष्यात कितीतरी वेळा ऐकलं होतं. म्हणताना काही वाटलं नाही.

खुर्च्या आवरताना एक वयस्कर सरदारजी जवळ आले. निवृत्त शाळामास्तर. हातात छोटी वही. म्हणाले, ‘पुत्तर, मी एक सवाल लिहून आणला होता.’ आणि वहीतून वाचला, ‘तुहाडे वल नामदेव जी नूं किवें गाउंदे ने? बैठ के कि खड़े हो के?’ तुमच्याकडे नामदेवांना कसं गातात, बसून की उभं राहून?

मी गडबडीत ‘दोन्ही’ असं काहीतरी बोललो आणि टेंपोवाल्याचे पैसे द्यायला पळालो.

रात्री झोप लागेना. काय प्रश्न होता तो! गुरुद्वाऱ्यात रागी बसून गातात, आणि ग्रंथातली बाणी रागांनुसार लावलेली आहे. आपल्याकडे वारकरी कीर्तनकार उभा असतो, मागे टाळकरी उभे, पाय ठेका धरतात. आणि कीर्तनाच्या त्या उभ्या, नाचत्या परंपरेचा आरंभ आपण नामदेवांपासूनच मानतो. एकच संत, एकीकडे बसून ऐकायचा, दुसरीकडे नाचून गायचा. सव्वा तासाच्या सत्कारांत जे कुणाला सुचलं नाही, ते या एका ओळीत होतं. आणि तो प्रश्न आम्ही सभागृहाबाहेर, टेंपोच्या आवाजात ऐकला.

हजेरीच्या वहीत त्यांचा नंबर होता. दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, ‘घरी ये, चहा पिऊ.’ गेलो. मी मोबाइलवर कीर्तन लावलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांनी हार्मोनियम काढून नामदेवांचा एक शबद म्हटला. शब्द मला अर्धेच कळले. पण त्यात मध्येच ‘विठ्ठल’ आला आणि माझ्या घशाशी आलं. आजीच्या देवघरातला शब्द सेक्टर २२ मधल्या सरदारजींच्या बैठकीत ऐकत होतो.

त्यानंतर आम्ही आठ-दहा जणांनी एक नियम केला. कार्यक्रम कितीही छोटा असो, शेवटची चाळीस मिनिटं श्रोत्यांची. सत्कार करायचाच असेल, तर चहाच्या वेळी. माइक श्रोत्यांत फिरेल. भाषा मराठी, हिंदी, पंजाबी, जी येते ती.

सोपं गेलं नाही. देणगीदार रुसले. पहिल्या बैठकीला चौदा माणसं आली, त्यातली चार आमच्याच घरची. चर्चेत एक गृहस्थ वीस मिनिटं स्वतःबद्दल बोलले. त्यांना थांबवायचं कसं, हेही शिकावं लागलं. पण एकदा माझ्या मुलीचं कथक होतं. नाचून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, ‘हमें कैसे पता चले कि गलती हुई?’ मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘आज झाली. तिहाई समेवर यायला हवी होती, एक मात्रा आधी संपली.’ मग तिने हातावर ताल धरून दाखवला, लोकांकडून टाळ्या देऊन घेतल्या, आणि तोच तुकडा पुन्हा नाचली. या वेळी सम आली तेव्हा सबंध खोलीला ती कळली. तिच्या विशारदच्या निकालाच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

मास्तरजी त्या दिवशी होते. पुढे त्यांची तब्येत बिघडली आणि ते गेले. त्यांची वही त्यांच्या सुनेने मला दाखवली. प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, आणि खाली एकेक प्रश्न. आमच्या नियमाच्या आधीच्याही कितीतरी तारखा होत्या, शहरातल्या कितीतरी सभागृहांतल्या. त्या प्रश्नांपुढची जागा कोरी होती.

तुमच्या गावातही अशी वही घेऊन कुणीतरी मागच्या रांगेत बसत असेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिका ठरेल, तेव्हा एवढंच करा. सत्कारांची यादी लिहिण्याआधी शेवटची चाळीस मिनिटं आखून ठेवा, आणि माइक मागच्या रांगेपासून फिरवायला सुरुवात करा.

आता तुम्ही विचारा.