जलप्रलयाच्या दोन कथा

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांचे देह तेथेच पुरण्यात आले. त्यांच्या धर्मग्रंथातील नोहाच्या तारवातही माणसे आठच होती. पाण्यातून वाचलेल्या मूठभर जिवांपासून कुळाचा पुनरारंभ व्हावा, ही कल्पना या किनाऱ्यास परकी नाही.

ख्रिस्ती लोकांनी नोहाची कथा ज्यूंच्याच ग्रंथातून घेतली. चौल १७४० साली मराठ्यांकडे येईपर्यंत पोर्तुगीजांकडे होते, आणि कोर्लईचे ख्रिस्ती लोक पोर्तुगीजमिश्रित बोली अद्यापि बोलतात. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध केलेल्या क्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागात जुन्या कराराचे कथानक मराठी ओवीत उतरले आहे. मनुष्यजात पापाने बरबटली म्हणून ईश्वराने चाळीस दिवस व चाळीस रात्री पर्जन्य पाडला. तीनशे हात लांबीच्या तारवात नोहा, त्याचे कुटुंब व पशुपक्षी वाचले. त्या तारवास शीड वा सुकाणू असल्याचा उल्लेख नाही. रेवसच्या तांडेलाने असल्या नौकेत पाऊल टाकले नसते! परंतु कथेचा आशय नौकानयनाचा नसून न्यायाचा आहे. अखेरीस पाणी ओसरते, आणि पुन्हा असा प्रलय होणार नाही याची खूण म्हणून इंद्रधनुष्य उमटते.

आता दक्षिण ऑस्ट्रेलियातील न्गारिंजेरी या आदिवासींची कथा पाहावी. न्गुरुंडेरी या पूर्वजाच्या दोन स्त्रियांनी निषिद्ध मासा खाल्ला व त्या पळाल्या. मुख्य भूमी आणि कांगारू बेट यांमधील उथळ जागेतून त्या पायी जात असता त्याने मेघगर्जनेसारख्या स्वराने समुद्रास वर येण्याची आज्ञा केली. दोघी बुडाल्या व त्यांचे खडक झाले. ते खडक आजही दाखविता येतात. येथेही अपराध आहे, दंड आहे. पण तारू नाही, वचन नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी परत जात नाही.

सर्व प्रलयकथा नोहाच्याच कथेच्या विस्कटलेल्या आठवणी होत, असे पूर्वी अनेक मिशनरी म्हणत. हे मत टिकण्यासारखे नाही. शतपथ ब्राह्मणातील मनूस मासा वाचवितो, पण तेथे प्रलयाचे कारण म्हणून पाप सांगितलेलेच नाही. ऑस्ट्रेलियातील कथेचा उगम तर तिच्याच भूमीत दिसतो. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. पुढे बर्फ वितळून तो चढत गेला आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी तेथे स्थिरावला. पॅट्रिक नन व निकोलस रीड या अभ्यासकांनी त्या किनाऱ्यावरील एकवीस ठिकाणच्या अशा कथा तपासून त्यांत बुडालेल्या भूमीची स्मृती असल्याचे प्रतिपादन केले. लेखनकला नसता इतकी शतके स्मृती टिकावी, याविषयी शंका घेणारे आहेत, व ती शंका अगदीच अनाठायी नव्हे. तथापि ज्या कथेत खाडीचा तळ, बेट आणि खडक नावानिशी येतात, तिला केवळ कल्पनाविलास म्हणणे कठीण जाते.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात उधाणाचे पाणी बांध फोडून भातशेतीत शिरते, तेव्हा हे पाप कोणाचे, असे म्हणणारा एखादा भेटतो. बाकीचे बांध कोठे फुटला व कोणाची शेते खाली गेली, एवढेच सांगतात.