दुःखावर कर्जाचा भार नको
(पक्षाच्या तालुका शाखेने बोलाविलेल्या शोकसभेतील भाषण)



शोकसभेत गेलेल्या माणसाचे गुण सांगावेत असा रिवाज आहे. आपल्या मित्राचे गुण आपणा सर्वांस ठाऊक आहेत. चाळीस वर्षे त्याने हमालांची आणि शेतमजुरांची कामे केली. तहसील कचेरीच्या पायऱ्या त्याच्याइतक्या कोणी झिजविल्या नसतील. वयाच्या ५८ व्या वर्षी छातीत कळ येऊन तासाभरात तो गेला. दीर्घ आजार घरच्यांच्या मनाची थोडीबहुत तयारी करून घेतो. आकस्मिक मृत्यू तेवढीही सवलत देत नाही. या दुःखावर माझ्यापाशी औषध नाही. एकमेकांकडे जात-येत राहावे, त्याच्याविषयी बोलत राहावे, वहिनींना एकटे पडू देऊ नये, एवढेच आपल्या हाती आहे.

परंतु त्या घरात दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट शिरली. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, दहाव्या-तेराव्याचं कसं करायचं? घरात सहा हजार आहेत." त्या माउलीला रडावयासही उसंत नव्हती, ती हिशेब करीत होती. दशक्रियेची दक्षिणा, अस्थिविसर्जनाचा प्रवास, तेराव्याचे जेवण, दुखवट्याचे कपडे. बेरीज पन्नास हजारांपुढे जात होती. नात्यातल्याच एका गृहस्थांनी महिना शेकडा पाच दराने रक्कम देऊ केली होती. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के!

मागणीची लवचीकता शिकविताना आम्ही प्राध्यापक मिठाचे उदाहरण देतो. खरे उदाहरण स्मशानाच्या वाटेवर सापडते. तेथे भाव विचारणे कमीपणाचे वाटते, घासाघीस करणे पाप वाटते आणि खरेदी उद्यावर ढकलता येत नाही. अशा गिऱ्हाइकाची बाजारात नेहमीच लूट होते.

यावर सुशिक्षितांचे ठरलेले उत्तर असे की, गरिबांनी उधळपट्टी सोडावी. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेही म्हटले होते की, लग्नादी समारंभांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. कर्जाचे मूळ त्यात क्वचितच असते. उत्पन्नच इतके तुटपुंजे की एका आघाताला पुरेल एवढी शिल्लक पडत नाही, हे खरे मूळ. तेव्हा विधवेला काटकसरीचा उपदेश करणे हा समाजवाद नव्हे. ती मिजास मिरवीत नसते; उद्या मुलांच्या सोयरिकी अडू नयेत म्हणून भीत असते.

म्हणूनच हा भार एकट्या घराने नव्हे, संघटनेने उचलावा लागतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहितावाचून विधी करण्याची वाट घालून दिली. ती टिकली, कारण टीका सोसणाऱ्या घरापाठीमागे माणसे उभी होती. आपल्या मित्राला कर्मकांड मान्य नव्हते. पण त्याने तसे लिहून ठेवलेले नव्हते, त्यामुळे भाऊबंदांपुढे वहिनींचा शब्द अडत होता. आपण दहा-बारा जण त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो, तेव्हा त्यांनीच निर्णय दिला: दहावा घरच्या माणसांत, तेराव्याचे जेवण नाही. सारा खर्च चौदा हजारांत आटोपला. कमी पडलेले आठ हजार शाखेने नावे न पुकारता जमविले. व्याजाचा पैसा त्या घरात शिरला नाही.

शासनाची जबाबदारी याने संपत नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. १९९५ साली सुरू झालेल्या या योजनेची रक्कम २०१२ पासून तेवढीच आहे. राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराच्या अंत्यविधीसाठी २०१९ पासून १५,००० रुपयांपर्यंत तरतूद झाली; पण हमाल, शेतमजूर, मोलकरीण त्या कक्षेबाहेरच राहिले. ब्रिटनमध्ये मजूर सरकारच्या कायद्यान्वये १९४९ पासून मृत्यू-अनुदान मिळू लागले. ते २० पौंड होते, १९६७ मध्ये ३० झाले आणि १९८७ साली रद्द होईपर्यंत ३० च राहिले. महागाईने ते आधीच खाऊन टाकले होते. ज्या हक्काला महागाईची जोड नसते, तो रद्द करणे सोपे जाते, हा त्यातला धडा.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक शाखेने मयत निधी उभारावा. मागणीची वाट न पाहता पहिल्याच दिवशी रक्कम घरी पोचवावी. दोन, प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या अंत्यविधीविषयीची इच्छा, देहदान असो वा साधे दहन-दफन, लिहून घरच्यांना वाचून दाखवावी. तीन, मृत्यूची नोंद २१ दिवसांत करण्यापासून तहसील कचेरीतील अर्जापर्यंतचे काम शाखेने अंगावर घ्यावे. आणि प्रत्येक नगरपालिका व ग्रामपंचायतीने अंत्यविधी विनामूल्य करावा, कुटुंबलाभाची रक्कम महागाईशी जोडावी, यासाठी लढा द्यावा.

जन्मभर इतरांचे अर्ज लिहिणाऱ्या मित्राच्या घरचा अर्ज आज आपण लिहितो आहोत. निधीचे पावतीपुस्तक अध्यक्षांच्या टेबलावर ठेवले आहे. सभा संपल्यावर कृपया तेथे थांबावे.