गोदामातील शिक्षक

वैशाखात कोठारात येऊन पडलेला गहू श्रावणात वजनाने वाढतो. जुन्या अडत्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. परंतु सरकारी गोदामात नव्याने नेमलेल्या कारकुनाला ती प्रथम खरी वाटत नाही. हिशेब सरळ आहे. १०० क्विंटल गव्हात १० टक्के ओलावा असेल, तर त्यातील कोरडा ऐवज ९० क्विंटल. पावसाळी हवेतील दमटपणा शोषून ओलावा १२ टक्क्यांवर गेला, की तोच गहू सुमारे सव्वादोन क्विंटल जास्त भरतो. दाणा एकही वाढलेला नसतो. वाढलेले असते ते पाणी. ज्याला हे कोणी समजावून दिलेले नाही, तो प्रामाणिक कारकून मापात निघालेली वाढ पाहून घाबरतो आणि आकडे जुळवीत बसतो. ज्याला हे ठाऊक आहे आणि ज्याची नियत साफ नाही, तो त्या पाण्याच्या भाराइतका गहू मागच्या दाराने काढतो, आणि त्याची वही मात्र बिनचूक राहते. गोदामातील नोकरांना शिकविणाऱ्या माणसाचे काम किती नाजूक आहे, हे एवढ्या एका उदाहरणावरूनही ध्यानी यावे.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोहारदा हे काही मोठ्या बाजारपेठेचे ठिकाण नव्हे. त्या बाजूची मुख्य पिके गहू, हरभरा आणि गेल्या चार-पाच दशकांत सोयाबीन. परंतु अशाच लहान गावांतून आलेल्या मालाने सरकारी कोठारे भरतात. २०२० सालच्या रब्बी हंगामात मध्य प्रदेशात सुमारे १२९ लाख टन गव्हाची सरकारी खरेदी झाली, आणि त्या वर्षी पंजाबही मागे पडला. खरेदीच्या आकड्यांचा गाजावाजा झाला, तो योग्यच होता. मात्र खरेदी झालेला गहू पुढे वर्ष-दीड वर्ष कोणाच्या हाताखाली राहतो आणि त्या हातांना कोणी काय शिकविले आहे, याची चौकशी क्वचितच होते.

धार-देवासकडील मराठी घरांना कोठी, कोठावळा, अंबरखाना हे शब्द परके नाहीत. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत अंबरखान्याची गणना होती. महाराजांनी चिपळूणनजीकच्या छावणीतील लष्करी अंमलदारांना पाठविलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण मनास येईल तशी उधळली, तर भर पावसात ती संपेल, हे त्यात बजाविले आहे. आणि रात्री दिवा जळत ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताच्या गंजीला आग लागेल, असा इशाराही दिला आहे. हुकूम देणारे छत्रपती होते. त्यांनी नुसते ‘दिवे विझवा’ एवढे लिहिले असते, तरी ते पुरेसे होते. तरीही त्यांनी उंदराची आणि वातीची गोष्ट सांगितली. सूचनेबरोबर तिचे कारणही पोहोचले पाहिजे, ही शिक्षकाची दृष्टी त्या पत्रात आहे, आणि आजच्या कित्येक सरकारी परिपत्रकांत नेमकी तीच आढळत नाही.

स्वतंत्र भारतातील कोठारव्यवस्थेचा पाया १९५४ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीच्या अहवालाने घातला. गोरवाला हे तिचे अध्यक्ष, आणि धनंजयराव गाडगीळ तिच्या सभासदांपैकी एक. समितीने सुचविलेल्या योजनेची मुख्य अंगे तीन होती: सहकारी संस्थांत सरकारची भागीदारी, कर्जव्यवहाराची खरेदी-विक्रीशी सांगड, आणि शिकून तयार झालेला कार्यक्षम नोकरवर्ग. त्यानंतर १९५६ चा कायदा झाला, १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले आणि राज्योराज्यीची महामंडळे त्यापाठोपाठ आली. पहिल्या दोन अंगांवर पुष्कळ लिहिले गेले. तिसरे अंग मात्र पाहुण्यासारखे ओटीवरच बसून राहिले. लेथ आणि लोहारकाम शिकविणाऱ्यांना तयार करणारी संस्था बिलासपूरजवळ कोनी येथे १९४८ मध्येच निघाली होती. धान्याच्या साठवणुकीचे संशोधन व शिक्षण यांसाठी उत्तर प्रदेशातील हापुड येथे केंद्र निघाले ते १९५८ मध्ये. हापुड ही धान्याची जुनी पेठ असल्याने ती निवड समंजसपणाची होती.

अशा शिक्षणातून तयार झालेला निदेशक गोदामात येतो, तेव्हा त्याने शिकवावयाचे तरी काय? नमुना काढणे ही पहिली गोष्ट. पोत्यात खुपसावयाची टोकदार पन्हळ, जिला माळव्यात परखी म्हणतात, ती वरच्या चार पोत्यांतच फिरविली, तर थप्पीच्या पोटात काय आहे ते कधीच कळत नाही. थप्पी भिंतीपासून दोन-अडीच फूट दूर रचावयाची. नव्या माणसाला ही जागेची उधळपट्टी वाटते, आणि हंगामाच्या गर्दीत तीच फट प्रथम भरली जाते. मग ओल आलेली भिंत पोत्यांना चिकटते, फवारणीचा पंप मागे जात नाही आणि सोंडे किडा तेथे निश्चिंतपणे वाढतो. खाली लाकडी चौकटी का घालावयाच्या, आधी आलेला माल आधी का काढावयाचा, या प्रत्येक नियमामागे असेच साधे कारण असते.

विषारी धुरीच्या बाबतीत तर कारण न सांगता दिलेला नियम जिवावर बेतू शकतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची गोळी हवेतील ओलाव्याने विरघळून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. या वायूवर उतारा नाही. त्याला लसणासारखा दर्प येतो खरा. परंतु दर्प गेला म्हणजे वायू गेला, असे समजणे घातक आहे. आच्छादनाच्या कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबून सात दिवस थप्पी बंद ठेवावी लागते. मागणी आली म्हणून कोणी ती चौथ्या दिवशी उघडली, तर माणसाला धोका आहेच. शिवाय जे किडे अर्धवट मात्रेतून वाचतात, त्यांची पुढील पिढी अधिक चिवट निघते. भारतातील साठवणुकीच्या किडींत फॉस्फिनला दाद न देणारे वाण आढळले आहेत. घाईने उघडलेल्या ताडपत्र्यांचा त्यात वाटा आहे.

येथवरचे सारे पुस्तकातून शिकविता येईल. खरी अडचण निराळीच आहे. खात्यांतील व्यवस्था बहुधा अशी असते, की जो वरिष्ठ शिकविण्यास येतो तोच तपासणीलाही येतो, आणि त्याच्या शेऱ्यावर खालच्याची बढती अवलंबून असते. अशा माणसाला ‘हे मला समजले नाही’ असे कोण सांगणार? बिघडलेली थप्पी शिक्षकाला मुद्दाम दाखवावी आणि तपासनीसापासून लपवावी, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि दोघे एकाच अंगरख्यात आले, की ती लपविलीच जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांच्या मुकादमांना शिकविण्याची मोठी मोहीम १९४० ते १९४५ या काळात चालली होती. शिकणाऱ्याचे मन तयार करणे, काम करून दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे, अशा चार पायऱ्या त्यांनी ठरविल्या होत्या. आणि काम आले नाही, तर दोष शिकविणाऱ्याच्या पदरी घालावयाचा, असा त्यांचा दंडक होता. आपल्या तपासणीच्या फेरीत चौथी पायरी तेवढी पाळली जाते, तीही पहिल्या तिन्ही गाळून. दोन्ही कामे एकाच अधिकाऱ्याकडे ठेवणे भागच असेल, तर शिकविण्याच्या फेरीचा अहवाल कोणाच्या नोकरीच्या कागदांत जाऊ नये, एवढी तजवीज अवघड नाही. तसे न झाल्यास श्रावणातील ती वाढ वहीत उतरण्यापूर्वीच खोडली जाईल.

आणखी एक वर्ग या शिक्षणाच्या उंबरठ्याबाहेरच उभा आहे. वर्ग भरतो तो कारकुनांचा व गोदामरक्षकांचा. हमाल त्या वेळी दाराशी ट्रक उतरवीत असतो. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याच्या मजुरीला आधार मिळाला, पूर्वीच्या १०० किलोच्या पोत्याच्या जागी ५० किलोचे पोते आले. त्याच्या ज्ञानाची दखल मात्र कोणी घेतली नाही. किडीने किंवा बुरशीने धान्य आतून तापू लागते, तेव्हा ते प्रथम त्याच्या पाठीला समजते. लोहारद्याच्या बाजूला निदेशकाने हमालांच्या पाळीनंतर अर्धा तास त्यांच्याच बोलीत काढला, तर कोणत्या ओळीतील पोती ऊन लागली ते कळण्यास यंत्राची वाट पाहावी लागणार नाही. त्या पोत्यांवर खडूची खूण करून ती त्याच दिवशी थप्पीतून वेगळी काढावयाची असतात.