जमाखर्चातील रिकामा रकाना



ट्रस्टचा जमाखर्च आताच वाचून झाला. आम्हीही जमाखर्चाविषयीच बोलणार. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ विजय परांजपे यांनी टिहरी धरणाचा १९८८ साली आणि नर्मदेवरील मोठ्या धरणांचा १९९० साली हिशेब नव्याने मांडला. बुडणारे जंगल, उठणारी गावे त्यांनी खर्चाच्या बाजूस धरली. धुराचे मोल कोणी भरावे, हा हवामानधोरणातील आजचा वादही त्याच जातीचा. आम्ही गणित शिकवितो. पण असा रकाना आम्हांस सुचला नव्हता! पांढुर्णा-सौंसरकडील संत्राबागांचा खर्च आपण खत, मजुरी, विजेवर मिटवितो. बोअरचे पाणी फुकट धरतो. "सर, आटलेल्या बोअरचे पाणी कोणाच्या नावे मांडायचे?" असे एका मुलीने वर्गात विचारले. आम्हांपाशी उत्तर नव्हते. आपल्यातील बागाइतदारांनी ते पुढील सभेत द्यावे.