‘एक्स’चे लाड



पत्रिकेत विषय छापलाय ‘इंग्रजीतील फ्रेंच शब्दांची अनेकवचने’. आज मागच्या रांगा आधी का भरल्या, ते कळलं. (हशा) ज्यांना लवकर निघायचंय त्यांच्यासाठी माझं म्हणणं आधीच सांगतो. शब्द ज्या भाषेत नांदायला आला, तिथल्याच रीतीनं त्याचं अनेकवचन व्हावं. माहेरच्या रीती माहेरी.

१०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडात उतरला आणि दरबारात, न्यायालयांत फ्रेंचचा अंमल सुरू झाला, हे आपण शाळेत शिकलोय. पुढे १३६२ मध्ये कायदा झाला की खटले इंग्रजीतून चालवावेत. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! (हशा)

त्या काळी आलेल्या शब्दांना इंग्रजांनी सरळ कामाला जुंपलं. नॉर्मन लोक एका फळाला ‘चेरीझ’ म्हणत, एकाच फळाला. इंग्रजांना शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा वाटला. तो त्यांनी छाटला आणि ‘चेरी’ हे नवं एकवचन घडवलं. ‘रिचेस’चं याच्या उलट झालं. श्रीमंती या अर्थाचा तो एकवचनी फ्रेंच शब्द. इंग्रजीत शेवटच्या ‘स’पायी अनेकवचनी होऊन बसला. ही इंग्रजी मला आवडते.

नंतर आलेल्यांचे मात्र लाड! ब्यूरो, प्लॅटो, टॅब्लो, शॅटो. यांच्या अनेकवचनाला साधा ‘एस’ चालत नाही म्हणे, ‘एक्स’ हवा. आता हा ‘एक्स’ आला कुठून? मध्ययुगीन फ्रेंच लेखनिक शब्दाच्या शेवटी ‘यू’ आणि ‘एस’ लागोपाठ आले की दोन्हींऐवजी एकच खूण काढत. चर्मपत्र महाग, हात दुखलेला. ती खूण दिसायची ‘एक्स’सारखी. पुढच्यांनी ती ‘एक्स’च समजून वाचली, आणि ‘यू’ कुठे गेला म्हणून तोही परत घातला. म्हणजे ज्याला आपण खानदानी समजतो, तो लेखनिकाचा शॉर्टहँड आहे. बरं, फ्रेंच माणूस नुसतं ‘शॅटो’ म्हटलं तर त्या ‘एक्स’चा उच्चारही करत नाही. इंग्रज लिहितो ‘एक्स’ आणि म्हणतो ‘झ’. त्यापेक्षा अमेरिकन बरे, ते बहुतेक वेळा ‘एस’ लावून मोकळे होतात.

आपण हसू नये. आपल्या बाजारपेठेत पाट्या बघा: ‘मेसर्स’ अमुक आणि कंपनी. ‘मेसर्स’ हे फ्रेंच ‘मेस्य’चं इंग्रजी रूप, ‘मिस्टर’चं अनेकवचन. माझ्या भाच्यानं हार्डवेअरचं दुकान काढलं. मालक एकटा, नोकरसुद्धा नाही. पाटी रंगवायला दिली तर वर ‘मेसर्स’. मी पेंटरला म्हटलं, ‘‘अहो, हा एकटा आहे, अनेकवचन कशाला?’’ तो शिडीवरून म्हणाला, ‘‘साहेब, मेसर्स नसलं तर उधारीवर माल कोण देईल?’’ (हशा) मी विल्यमपासून सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं, एका डोळ्यानं ‘र्स’चा रफार नीट केला आणि म्हणाला, ‘‘रंग वाळला आता.’’ पाटी आजही तशीच आहे, आणि धंदा—

काय म्हणता? जरा मोठ्यानं. ‘पेंटरनं इथलीच रीत पाळली, मग तुमचा आक्षेप काय?’ (हशा, टाळ्या) हे गृहस्थ वकील दिसतात. आक्षेप अनेकवचनाला नव्हता, अर्थाला होता. तो वेगळा विषय आहे. पुढच्या वर्षी बोलवा, सविस्तर सांगतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग अ‍ॅटर्नी जनरल घाईनंच. तिथे ‘जनरल’ हे विशेषण. फ्रेंच पद्धतीनं नामाच्या मागे आलेलं. म्हणून ‘एस’ लागतो अ‍ॅटर्नीला. पहिल्या रांगेतले सुभेदारसाहेब मान हलवताहेत. बरोबर, मेजर जनरल अनेक झाले तर ‘एस’ शेवटी, कारण तिथे ‘जनरल’ हेच नाम. ‘कोर्ट मार्शल’मध्ये मात्र कोर्टालाच. एनसीसीतल्या शेवटच्या ‘सी’चा शब्द तर कमालच: एक असो की दहा, लिहायचं तेच, एकवचनात म्हणायचं ‘कोर’, अनेकवचनात ‘कोर्झ’. स्पेलिंगमधला ‘पी’ दोन्हीकडे मुका.

‘कल-द-सॅक’ राहिलं. त्यात ‘एस’ पहिल्या शब्दाला लावतात, काही जण शेवटी लावतात, कोशांत दोन्ही आहेत. मी शेवटी लावतो. वकीलसाहेब हात वर करताहेत, पण आभार मानणारे उभे राहिलेत.