पन्हा आधी विचारावा

टोकियोच्या निप्पोरी भागात कापडाच्या दुकानांची लांबच लांब रांग आहे. तेथे प्रवाशाची दृष्टी रंगांवर खिळते. पण श्रोतेहो, पहिला प्रश्न पन्ह्याचा असावा. किमोनोच्या ताग्याचा पन्हा अवघा ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी सुमारे १२ मीटर. एका ताग्यात एक किमोनो, तोही सरळ पट्ट्यांचा. म्हणूनच तो उसवून, धुऊन पुन्हा शिवता येतो. त्याच्या पाठीवरची मधली शिवण या अरुंद पन्ह्याचीच देणगी. आपल्याकडचा शिंपी त्याच कापडाचा सदरा बेतू लागला, की त्यालाही पाठीवर जोड देणे भाग पडते, आणि तेथे नक्षी जुळली नाही तर हौस फुकट! मला विचाराल, तर तागा अखंडच घ्यावा. नक्षी जुळवण्यापुरते कापड हाताशी राहते.