कोळशाची रेघ आणि मनाचा एकांत



कामगार-संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही शाळा लवकर सोडली. जे शिकलो ते वाचनालयांत. पण कोळसा आम्हांला परका नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातले कातकरी पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबत आले. असाच जळक्या लाकडाचा कोळसा ओदिलों रदों (१८४०–१९१६) या फ्रेंच चित्रकाराने मनाचे दुःख सांगण्यासाठी हाती धरला.

पन्नाशीपर्यंत त्याचे बहुतेक काम काळ्या रंगातच आहे. १८७८ च्या चित्रात एक प्रचंड डोळा फुगा होऊन आभाळात चढतो; १८८१ च्या चित्रातला कोळी दहा पायांचा, आणि हसरा! डोळ्यांना असे कोठे दिसत नाही, मनाला दिसते. कोळशाची भुकटी कागदावर सैल बसते. बोटाने चोळली की सावली पसरते, खोडली की उजेड निघतो. खिन्नतेचेही तसेच आहे. अंधार आधी येतो, उजेड त्यातून काढावा लागतो.

आपल्याकडे या वाटेने कोण गेले? अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्मलेले प्रभाकर बरवे. त्यांचे साधन कोळसा नव्हे, बहुधा एनॅमल रंग. पण शोध आतलाच. विणकर सेवा केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली. नोकरी सांभाळून पान, फळ, घड्याळ अशा रोजच्या वस्तू त्यांनी मोकळ्या अवकाशात मांडल्या. त्या ओळखीच्या असूनही एकाकी वाटतात. ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० च्या पुस्तकात त्यांनी आपला चित्रविचार मराठीतच मांडला. १९९५ साली ते गेले.

कोणी म्हणेल, उदासी म्हणजे भरल्या पोटाचे चोचले. आम्हांस हे मान्य नाही. भट्टीवरच्या कातकऱ्यालाही मन आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० साली गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. आठ तास काम, आठ तास झोप. मग उरलेले आठ तास कोणाचे? ते माणसाचे स्वतःचे, म्हणूनच त्यांसाठी भांडावे लागते. पगाराच्या कागदावर एकांताचा रकाना नसतो.

तेव्हा रात्रपाळी करून आलेला माणूस घरी गप्प बसला, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याच्या पुढ्यात एक कागद आणि कोळशाचा तुकडा ठेवून पाहा.